पोज्जोसोर्बोची ओटी

"सर, आज माईक मी घेऊ का?"

बस शेवटच्या चढाला लागली होती आणि हेमांगीनं नेमकं तेव्हाच हे विचारलं. व्हेनिसमध्ये विचारलं असतं तर दिला असता. फ्लोरेन्समध्ये तर मी आपण होऊन दिलाही होता. पण पोज्जोसोर्बोच्या चढावर माईक मागणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली पुरणपोळी उचलण्यासारखं होतं.

"नको," मी म्हणालो. "हे गाव माझं आहे."

मी ते हसत म्हटलं, तीही हसली आणि मागं जाऊन बसली. पण मी थट्टा करत नव्हतो.

गाव खरोखरच माझं होतं. मी पुण्याच्या एका टूर कंपनीत बारा वर्षं टूर मॅनेजर होतो आणि त्यातली आठ वर्षं इटली माझ्याकडे होती. सहा वर्षांपूर्वी आमची बस वाटेत बंद पडली, मेकॅनिक येईपर्यंत मी मंडळींना घेऊन समोरच्या टेकडीवर चढलो आणि तिथं मला पोज्जोसोर्बो सापडलं. बाराशे वस्ती, तीन वेशी, दोनशे चौदा पायऱ्या, एकच काटा असलेलं मनोऱ्यावरचं घड्याळ, आणि मेरीमातेच्या देवळासमोर एक विहीर. कुठल्याही टूर कंपनीच्या यादीत हे नाव नव्हतं. मालकांशी, म्हणजे बापटसाहेबांशी, दोन वर्षं भांडून मी ते आमच्या कार्यक्रमात घालून घेतलं. फ्लोरेन्सहून रोमला जाताना अडीच तास. ते अडीच तास मी वर्षभर मनात घोळवायचो.

खालच्या वेशीत पूर्वी पहारेकरी बसायचे त्या खोलीत आता प्रवाशांसाठी माहितीची खिडकी होती. खिडकीत ओर्नेल्ला बसायची. पन्नाशीची, जाड चष्म्याची, बोलायला लागली की न थांबणारी बाई. तिच्यामागच्या फळीवर गावाची माहितीपत्रकं होती. इटालियन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी, आणि शेवटच्या कप्प्यात मराठी. हो, मराठी. मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन इटालियन शिकलो होतो, ते पत्रक मी स्वतः उतरवलं होतं. बस कुठं लावायची, स्वच्छतागृह कुठं, पायऱ्या किती, बसायला बाक कुठं, चौदाशे सत्त्याण्णवचा वेढा, विहिरीची हकिकत, आणि शेवटी देवळाचे नियम. अगदी तळाला बारीक अक्षरात 'मराठी : सुहास कर्णिक'. दर वर्षी वेशीत शिरलो की मी आधी तो कप्पा बघायचो, मग ओर्नेल्लाकडे.

आणि आता ही हेमांगी नगरकर. सव्वीस वर्षांची. दोन वर्षं नगरला शाळेत शिकवत होती, मग आमच्या ऑफिसात लागली आणि त्या मे महिन्यात, दोन हजार सातच्या, बापटसाहेबांनी तिला मदतनीस म्हणून माझ्याबरोबर पाठवली. चौतीस मंडळी होती, बहुतेक साठीच्या पुढची. पहिल्या तीन दिवसांत तिला कुणाच्या रक्तदाबाची गोळी सकाळची आणि कुणाची रात्रीची, हे पाठ झालं. हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक किटलीवर ती पहाटे आल्याचा चहा करायची आणि सहा नंबरच्या खोलीपासून बारा नंबरपर्यंत दारं आपोआप उघडायची. हे सगळं मी सहन केलं असतं. चहा कुणीही करू शकतं.

पण ती इतिहासही सांगायची. आणि काय सांगायची. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना 'आपले पेशवे समजा' म्हणाली. फ्लोरेन्सच्या घुमटाबद्दल बोलताना तिनं तो बांधणाऱ्या कारागिराच्या सासूला मध्ये आणलं, जी बाई कुठल्याही पुस्तकात नाही. मंडळी पोट धरून हसली. मी माईक घेऊन खरी सनावळी सांगितली तेव्हा निम्मे लोक खिडकीबाहेर बघत होते. माझा एकच हक्काचा श्रोता होता, पोस्टातून निवृत्त झालेले टिपणीसकाका, जे मी सांगितलेलं प्रत्येक साल वहीत टिपून घ्यायचे. पिसाला त्यांनीही वही मिटली आणि पेन्सिल खिशात घालून हेमांगीचं ऐकत राहिले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिचा हेवा वाटतो हे मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हतो, मी त्याला शिस्त म्हणत होतो.

फ्लोरेन्सच्या हॉटेलात बापटसाहेबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले की पुढच्या वर्षीपासून इटली हेमांगीला द्यावी असं मनात आहे, मी ऑफिसात बसून नव्यांना तयार करावं. तुमच्या गुडघ्यांनाही बरं, असंही म्हणाले. गुडघ्यांची तक्रार मी त्यांच्याकडे कधी केली नव्हती. शेवटी म्हणाले, "रोमला मंडळींचे अभिप्राय येतील ना, ते बघू आणि मग ठरवू."

अभिप्रायाचे फॉर्म रोमला शेवटच्या दिवशी भरून घ्यायचे होते. मध्ये फक्त पोज्जोसोर्बो होतं.

चढावरच्या तिसऱ्या वळणाला हेमांगी पुन्हा पुढं आली आणि माझ्या शेजारच्या सीटवर टेकली. या वेळी माईक नको होता. रेगेकाकूंचं काम होतं. रेगेकाकू नाशिकच्या. मुलानं त्यांची टूर आधीच बुक केली होती, म्हणून आल्या, पण सगळं लक्ष घरी. लेक सातव्या महिन्यात होती, आधी दोनदा गर्भ पडलेला, आता डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केली होती. काकूंनी नाशिकहून खण, नारळ आणि मूठभर तांदूळ बॅगेत घालून आणले होते. विमानतळावर नारळ बघून तिथल्या माणसानं तो हलवून कानाशी लावला होता, ती गंमत मंडळी आठ दिवस एकमेकांना सांगत होती. पण काकूंना त्यात गंमत नव्हती. वाटेत जी देवी बाळंतिणीची म्हणून भेटेल तिची ओटी भरायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काकू म्हणतात, देवी कुठलीही असली तरी देवीच," हेमांगी म्हणाली. "इथली मेरीमाता बाळंतिणींचीच आहे ना, सर? ओटी भरली तर चालेल?"

मी खिडकीबाहेर बघितलं. वर गावाची भिंत दिसायला लागली होती.

"का नाही चालणार?" मी म्हणालो. "वेदीवर ठेवू दे खुशाल. हळदीकुंकू वाहू दे."

"पण सर..."

"मी सांगतोय ना," मी म्हणालो.

ती मान डोलावून काकूंना सांगायला गेली. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवलेला मला ड्रायव्हरच्या आरशात दिसला.

वेशीत ओर्नेल्लानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून माझे दोन्ही गाल ओढले. मी मंडळींना सांगितलं की ही माझी मैत्रीण आणि हे पत्रक माझं, आणि चौतीस जणांच्या हातात एकेक दिलं. टाळ्या झाल्या. उकाडा होता, पहिल्या पन्नास पायऱ्यांतच पत्रकांचे पंखे झाले. एका काकांनी त्यात भडंगाची पुडी बांधली. मी कानाडोळा केला.

विहिरीपाशी सगळ्यांना बसवून मी हकिकत सांगितली. चौदाशे सत्त्याण्णवात शेजारच्या शहरानं गावाला वेढा घातला. चाळीस दिवस. टाकं आटलं. एका कुंभाराची बायको अडली होती आणि तिला पाजायला घोटभर पाणी नव्हतं. तिनं मेरीमातेचा धावा केला आणि सकाळी या कोरड्या विहिरीत पाणी दिसलं. बाई सुटली. चालता यायला लागल्यावर तिनं बाळाचं दुपटं आणून देवळात टांगलं. तेव्हापासून गावातल्या बाया देवळात कापड वाहतात. ही हकिकत मी चार वर्षं सांगत होतो, त्यात आणखी एक वाक्य असायचं. त्या दिवशी ते मी गाळलं.

मी बोलायचा थांबलो तेव्हा मंडळी पायऱ्यांवर टेकून धापा टाकत होती. रेगेकाकूंनी हेमांगीला विचारलं, "काय म्हणाले ग सुहासराव?"

"अडलेलीला सोडवणारी देवी आहे काकू," हेमांगी म्हणाली. "पाणी नव्हतं तर विहीर भरून दिली तिनं. म्हणाली, आधी पी, मग बघू त्या सैन्याचं."

मागच्या पायरीवरच्या सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. कुणी हसलं, कुणी हात जोडले. माझी वीस मिनिटं तिनं तीन वाक्यांत गुंडाळली होती, आणि वर तिसरं वाक्य पदरचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसमध्ये जे बोललो ते फिरवायला अजून वेळ होता, आणि ते फिरवायचं नाही हे मी त्या पायरीवर पक्कं केलं.

मंडळी देवळात गेली. मी ड्रायव्हरला फोन करायचाय म्हणून विहिरीपाशी थांबलो. फोन खिशातून काढलाही नाही. मी वाट बघत होतो.

फादर आन्सेल्मोंचा आवाज आला तेव्हा मी आत गेलो. घाई केली नाही.

सत्तरीचे, काटकुळे, एरवी कुणाशी न बोलणारे फादर वेदीपुढं उभे होते. त्यांच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात हिरवा खण. वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर हळदीकुंकवाचे डाग पडले होते आणि तांदूळ विखुरले होते. बाजूला रेगेकाकू पदर तोंडाशी धरून उभ्या. बाकावर गावातल्या दोन म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढत पुटपुटत होत्या. आमची मंडळी भिंतीला चिकटली होती आणि मी दिसल्यावर सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. कारण तिथं दोन्ही भाषा येणारा मी एकटा होतो.

फादर मला म्हणाले की ही वेदी आहे, बाजाराची पाटी नाही. पुढं म्हणाले की या देवळात पाचशे वर्षं कुणी बाळंतपणाआधी काही वाहिलेलं नाही. देवीला आगाऊ काही द्यायचं नसतं. तिनं दिल्यावर द्यायचं, आणि तेही बाजूच्या खोलीत.

हेच ते गाळलेलं वाक्य. मूल झाल्यावर, आधी कधीही नाही. आधी वाहिलं तर मूल परत जातं, अशी गावातल्या बायकांची ठाम समजूत होती. मला ती माहीत होती. मला वाटलं होतं, हेमांगीची फजिती होईल, फादर तिला चार शब्द सुनावतील, मंडळींना कळेल की ही पोर काहीही ठोकून देते, आणि माझी सनावळी पुन्हा भाव खाईल. वेदीपुढं काकू उभ्या असतील, हे माझ्या हिशोबात आलंच नव्हतं. हेव्यानं माणूस इतका आंधळा होतो याची मला कल्पना नव्हती.

"यांना हे कुणी सांगितलं?" फादरांनी विचारलं. "विचार त्यांना."

ते मला मराठीत विचारावं लागलं. माझ्याच तोंडून, सगळ्यांसमोर. "फादर विचारतायत, हे करायला कुणी सांगितलं?"

काकूंनी हेमांगीकडे बघितलं.

"मी सांगितलं," हेमांगी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, फादरांकडे बघत होती. "सर, त्यांना सांगा, चूक माझी आहे. काकूंची नाही."

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द, अगदी बिनचूक.

तेवढ्यात गलका ऐकून ओर्नेल्ला धापा टाकत वर आली. वेदीवरचे डाग तिनं बघितले, काकूंना बघितलं, आणि मग तिनं बाकावर पडलेलं एक मराठी पत्रक उचललं. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण नियम कुठं छापलाय हे तिला ठाऊक होतं. तिनं शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"सुहास, हे इथं लिहिलंय," ती इटालियनमध्ये म्हणाली. "तू लिहिलंयस. तू मला तीनदा विचारलं होतंस, मूल व्हायच्या आधी की नंतर, म्हणजे चुकायला नको. मग यांना कसं माहीत नाही?"

देवळात ते वाक्य आम्हा पाचजणांनाच कळलं. तिला, फादरांना, बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांना आणि मला.

"काय म्हणतायत बाई?" टिपणीसकाकांनी विचारलं. त्यांच्या हातात वही होती.

"म्हणतायत, झालं ते झालं," मी म्हणालो.

काकांनी मान डोलावली. ओर्नेल्ला माझ्या तोंडाकडे बघत राहिली. फादरांनी मात्र माझ्यावरची नजर काढून घेतली, जणू त्यांना पुढचं बघायचं नव्हतं.

काकूंचं लक्ष त्या दोन म्हाताऱ्यांकडे होतं. "त्या काय पुटपुटतायत हो सुहासराव?" त्यांनी माझी बाही धरली. "अपशकुन झाला का? माझ्या पोरीला काही होणार नाही ना?"

त्या म्हाताऱ्या म्हणत होत्या, बिचारी मुलगी, बिचारी मुलगी. मला खोटं सुचलं नाही आणि खरं सांगण्याची हिंमत नव्हती. नुकतंच इतकं सफाईनं खोटं बोललो होतो, पण जिथं खोट्याची गरज होती तिथं मी नुसता त्या म्हाताऱ्यांकडे बघत राहिलो.

हेमांगीनं काकूंचा हात धरला. तिला इटालियनचं ओ की ठो येत नव्हतं.

"काकू, त्या म्हणतायत, देवीनं नारळ ठेवून घेतलाय," ती म्हणाली. "आत्ता नुसता जपून ठेवायचा. बाळ झालं की मग खण तिकडच्या खोलीत टांगायचा. इथली रीतच तशी आहे. म्हणून फादर रागावले, घाई केली म्हणून."

"ठेवून घेतला?" काकूंनी विचारलं.

"हो. परत दिला का कुणी?"

ओर्नेल्लाला यातलं अक्षर कळलं नसावं. पण काकूंचा चेहरा तिला कळला. तिनं फादरांच्या हातातून नारळ आणि खण घेतला, वेदीवरचे तांदूळ एकेक करून वेचले, सगळं खणात बांधून गाठ मारली. मग काकूंसमोर उभं राहून दोन्ही हातांत बाळ धरल्यासारखे हात हलवले, बाजूच्या खोलीकडे बोट केलं, आणि गळ्यातली किल्ली दाखवली. तिच्या खिडकीतल्या ड्रॉवरची किल्ली. म्हणजे तोपर्यंत हे माझ्यापाशी. हेमांगीनं पदरचं रचलेलं तिनं न कळता खरं करून टाकलं. काकू रडल्या, पण आता ते वेगळं रडणं होतं.

आणि मला त्या क्षणीही काय वाटलं असेल, तर पुन्हा हिनंच बाजी मारली.

बस उतरायला लागल्यावर हेमांगी माझ्या शेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "सर, पत्रकात वेगळं होतं. तुम्ही वेशीत दिलंत तेव्हाच मी वाचलं होतं."

मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो.

"मला वाटलं, मधल्या वर्षात नियम बदलला असेल. तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच असणार."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. आणि उठून काकूंच्या शेजारी जाऊन बसली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते त्या एका 'हं'वरून मला आजवर ठरवता आलेलं नाही.

रोमला अभिप्राय आले. चौतिसांपैकी तेहेतीस जणांनी लिहिलं की कठीण प्रसंगी सुहासरावांनी परिस्थिती सांभाळली. हेमांगीबद्दल बहुतेकांनी लिहिलं, मुलगी प्रेमळ, पण माहिती अपुरी. रेगेकाकूंच्या फॉर्मवर एकच ओळ होती, हेमांगी माझ्या लेकीसारखी आहे. तो मी गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातला. इटली माझ्याकडे राहिली, आणखी अकरा वर्षं. हेमांगीला त्यांनी तिकिटांच्या टेबलावर बसवलं आणि दिवाळीनंतर तिनं नोकरी सोडली. काकूंच्या लेकीचं काय झालं हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. पोज्जोसोर्बो मी स्वतःच कार्यक्रमातून काढून टाकलं. कारण दिलं, पायऱ्या फार.

दोन हजार अठरात माझी शेवटची टूर होती. रोमकडे जाणारा मोठा रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता, ड्रायव्हरनं आतली वाट धरली आणि जेवणाच्या सुट्टीला बस उभी केली ती त्या टेकडीखाली. मंडळी म्हणाली, वर काय आहे बघू या. मला नाही म्हणता आलं नाही.

ओर्नेल्लाचे केस पांढरे झाले होते. "कुठली भाषा?" तिनं सवयीनं विचारलं, मग चष्मा वर केला आणि मला ओळखलं. माझे गाल ओढले नाहीत. "मराठी आहे," ती म्हणाली. "अजून आहे."

शेवटच्या कप्प्यात पत्रक होतं. नवा कागद, रंगीत फोटो. मी तिथंच उभ्याउभ्या वाचलं. स्वच्छतागृहाची जागा बदलली होती. बाकी सगळे शब्द माझे होते, वेढा माझा, विहीर माझी. नियमही माझाच, पण त्याच्याखाली एक ओळ नवी होती. 'चूक झालीच तर घाबरून जाऊ नये, खिडकीवर येऊन सांगावं, इथली माणसं वस्तू जपून ठेवतात.'

मला एकदम कळलं ती ओळ कुणाची आहे. मी तळाशी तिचं नाव शोधलं. खरं सांगायचं तर नाव सापडावं, म्हणजे निदान चिडता येईल, म्हणून शोधलं. तिथं पूर्वीचंच होतं. 'मराठी : सुहास कर्णिक.'

"ती दर दोन वर्षांनी येते," ओर्नेल्ला म्हणाली. "स्वतःची माणसं घेऊन. आठ-दहा बायका. इटालियन शिकलीय. तुझ्यापेक्षा जास्त चुका करते आणि आम्ही तुझ्यापेक्षा जास्त हसतो." मग माझ्या हातातल्या पत्रकाकडे बघून म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, तुझंही नाव घाल. ती म्हणाली, एका ओळीसाठी कशाला."

तिनं मला बाजूच्या खोलीत नेलं. दुपट्यांच्या रांगेत खुंटीवर एक हिरवा खण होता, उन्हानं फिका पडलेला. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर ओर्नेल्लाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'रेगे. मुलगी. ११ ऑगस्ट २००७.' शेजारी आणखी सहा खण होते, वेगवेगळ्या रंगांचे, प्रत्येकाला तारीख. फादर आन्सेल्मो गेल्यालाही चार वर्षं झाली होती. जाण्याआधी त्यांतले दोन खण त्यांनी स्वतःच्या हातानं टांगले, असं ओर्नेल्ला म्हणाली.

"तिला कधी विचारलंस?" मी म्हणालो. "त्या दिवसाबद्दल?"

"विचारलं. भाषा यायला लागल्यावर पहिलं तेच विचारलं." ओर्नेल्लानं खणाची घडी सारखी केली. "म्हणाली, आमची चूक झाली. 'आमची' म्हणाली."

मला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटत असेल. ती नंतर वाटली, हॉटेलात, आणि मग पुष्कळ वाटली. पण त्या खोलीत, ते सात खण बघताना, मला पहिल्यांदा वाटला तो हेवाच. गाव माझं होतं, शब्द माझे होते, आणि माया सगळी तिच्या नावावर जमा झाली होती, जिथं तिचं नावसुद्धा नव्हतं.

बाहेर आलो तर खिडकीपाशी मंडळी पत्रकं घेऊन उभी होती. त्यांतल्या एक बेंद्रेकाकू, साताऱ्याच्या, चष्मा नाकावर ओढून वाचत होत्या. त्यांनी ती नवी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, चूक झालीच तर घाबरून जाऊ नये, आणि थांबल्या.

"किती मायेनं लिहिलंय हो," त्या म्हणाल्या. मग तळाच्या नावावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "सर, ही ओळ तुम्हीच लिहिलीत ना?"

ओर्नेल्लाला मराठी येत नव्हती. पण बोट कुठं आहे हे तिनं बघितलं होतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, अकरा वर्षांपूर्वी देवळात बघितलं होतं तशीच.

"हो," मी म्हणालो.